तळ्यातले पाणी आणि बाटलीतले पाणी

माझ्या पहिल्या क्षेत्रीय हंगामाच्या नोंदवहीत एका पानाच्या समासात पेन्सिलीने घाईघाईत लिहिलेले दोन शब्द आहेत : ‘गाळणी तपकिरी’. उन्हाळा सरत आलेला असताना एका खोल तळ्याच्या तळालगतचे पाणी आम्ही वर काढले होते. बाटलीत भरताना ते अगदी नितळ होते. काठावर परतून, सामान उतरवून आणि जेवण उरकून सुमारे तीन तासांनी मी ते गाळायला घेतले, तेव्हा पांढऱ्या गाळणीवर गंजाच्या रंगाचा एक पातळ थर बसला. मी तो पाहिला, इमानाने नोंदवला आणि पुढची बाटली उघडली. गोड्या पाण्यात लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात सापडणारे तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम, निकेल यांसारखे लेश धातू हा माझा अभ्यासविषय आहे, आणि त्याबद्दल मला जे सांगायचे आहे ते बरेचसे त्या दोन शब्दांत आहे; फक्त ते मला वाचता यायला दीड वर्ष लागले.

प्रयोगशाळेतून आकडे आले तेव्हा तळालगतच्या पाण्यात मँगनीज भरपूर होते, लोह जवळजवळ नव्हते, आणि शिसे व तांबे वरच्या थरापेक्षाही कमी होते. याचे स्पष्टीकरण माझ्याकडे तयारच होते. उन्हाळ्यात खोल तळ्याचे वरचे ऊबदार पाणी आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे खालच्या थराला हवेतला ऑक्सिजन मिळत नाही, आणि वरून पडणारे मृत शैवल कुजवताना तिथले जिवाणू शिल्लक ऑक्सिजन संपवून टाकतात. ऑक्सिजन संपला की श्वसनासाठी त्याच्याऐवजी ते नायट्रेटकडे वळतात, त्यानंतर मँगनीजच्या ऑक्साइडांकडे आणि त्याहीनंतर लोहाच्या ऑक्साइडांकडे. घनरूपातले हे ऑक्साइड क्षपणाने, म्हणजे जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन मिळाल्याने, विरघळतात आणि धातू पाण्यात उतरतो. मँगनीजचा क्रम आधी आणि लोहाचा नंतर असल्यामुळे मी अहवालात आत्मविश्वासाने लिहिले की हे तळे मँगनीजच्या टप्प्यापर्यंत पोहोचले आहे, लोहाच्या टप्प्यापर्यंत अद्याप नाही. वाक्य सुबक होते आणि पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळत होते. चुकीचे आकडे सिद्धान्ताशी जुळतात तेव्हा ते सर्वांत धोकादायक असतात, कारण त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे काही कारणच उरत नाही.

दीड वर्षाने माझ्या मार्गदर्शक सरांनी मसुदा वाचताना समासात एवढेच लिहिले : ‘गाळायला किती वेळ लागला?’ मी नोंदवही काढली आणि ते दोन शब्द समोर आले.

घडले होते ते असे. क्षपण झालेले, म्हणजे द्विसंयुजी लोह पाण्यात विरघळलेले आणि रंगहीन असते. त्याला ऑक्सिजन भेटला की ते त्रिसंयुजी होते आणि त्याचे तपकिरी हायड्रॉक्साइड खाली बसते. या क्रियेचा वेग पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, विलक्षण अवलंबून असतो : सामू एकाने वाढला तर वेग साधारण शंभरपटींनी वाढतो. सामू ६ असेल तर हे लोह दिवसभर तग धरू शकते. पण सामू ७ च्या आसपास, हवेने भरलेल्या पाण्यात, त्यातले निम्मे लोह काही मिनिटे ते अर्धा तास एवढ्या अवधीत संपते. आमच्या तळालगतच्या पाण्याचा सामू ७ च्या जवळ होता आणि बाटलीत गळ्यापाशी हवा होती. तीन तासांत लोहाचा निकाल लागून गेला. मँगनीजचे मात्र तसे नसते. तेही ऑक्सिजनच्या सहवासात घनरूप होते, पण जिवाणूंची मदत नसेल तर त्याला महिनोन्‌महिने लागू शकतात, त्यामुळे बाटलीत ते जसेच्या तसे राहिले. थोडक्यात, मी ज्याला तळ्याचा टप्पा म्हणत होते, तो दोन धातूंच्या वेगांतला फरक होता आणि तो माझ्या जेवणाच्या वेळेत घडला होता.

शिसे आणि तांबे कमी का होते, हेही मग उलगडले. नुकतेच तयार झालेले लोहाचे हायड्रॉक्साइड अतिशय सच्छिद्र असते, त्याचे पृष्ठफळ प्रचंड असते, आणि त्याच्या पृष्ठावर धातूंचे आयन चिकटतात. या अधिशोषणालाही सामूची एक कडा असते : एकदोन एककांच्या अंतरात एखादा धातू ‘अजिबात चिकटत नाही’ इथपासून ‘जवळजवळ सगळा चिकटला’ इथपर्यंत जातो. शिसे या कडेवर लवकर, म्हणजे कमी सामूलाच चढते, त्यामागून तांबे, आणि जस्त, कॅडमियम व निकेल बरेच उशिरा. माझ्या बाटलीत लोह खाली बसताना शिशाला आणि काही तांब्याला सोबत घेऊन गेले, ते सगळे गाळणीवर अडकले आणि गाळणी मी कचऱ्यात टाकली. त्यानंतर उरलेल्या पाण्यात, धातू बाटलीच्या भिंतींना चिकटू नयेत म्हणून, मी नियमाप्रमाणे नायट्रिक आम्ल घातले. नियम बरोबर पाळला होता. जे टिकवायचे ते आधीच निघून गेले होते.

गाळ आणि पाणी यांच्यातली ही देवघेव नवी नाही. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील एस्थवेट वॉटर या सरोवराच्या अभ्यासात १९४१-४२ सालीच दाखवले होते की गाळाच्या पृष्ठभागावर जोवर ऑक्सिडीकृत लोहाची पातळ साय असते, तोवर फॉस्फेटसारखे अनेक घटक गाळातच अडकून राहतात, आणि ऑक्सिजन संपून ती साय विरघळली की ते पाण्यात सुटतात. त्याच सायीची प्रतिकृती मी नकळत माझ्या गाळणीवर तयार केली होती.

इथे ‘विरघळलेला धातू’ या शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण तो दिसतो तितका सरळ नाही. व्यवहारात विरघळलेला म्हणजे ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जो खाली उतरतो तो. निसर्गात या आकड्यापाशी कोणतीही सीमा नाही; ती सोयीसाठी आखलेली रेषा आहे. लोहाच्या ऑक्साइडाचे आणि सेंद्रिय द्रव्याचे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगतच राहणारे अतिसूक्ष्म, कण याहून कितीतरी लहान असतात, ते आरामात खाली उतरतात, आणि त्यांना चिकटलेले शिसे कागदोपत्री विरघळलेले ठरते. उलट बाजूने, गाळणी जसजशी तुंबत जाते तसतशी तिची छिद्रे प्रत्यक्षात लहान होत जातात, म्हणून एकाच बाटलीतले पहिले शंभर मिलिलिटर आणि पाचवे शंभर मिलिलिटर लोहाचे वेगवेगळे आकडे देऊ शकतात. तरीही ही व्याख्या मी टाकून देणार नाही. जगभर बहुतेक जण तीच वापरतात म्हणून निदान तुलना करता येते. पण अहवालात ‘विरघळलेले शिसे’ असे वाचले की मी आता आधी गाळणीचे छिद्र, गाळलेले आकारमान आणि गेलेला वेळ शोधते.

धातू निसटून जाण्याची गोष्ट ही झाली. बाहेरून शिरण्याची गोष्ट जुनी आणि अधिक बदनाम आहे. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. ही मोजणी करताना नमुन्याभोवतीचे सगळे जग धातूंनी माखलेले असते : धूळ, त्वचा, होडीचा रंग, दोरीवरून सोडायचे पितळी वजन. क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असे काढले, आणि त्या खटाटोपात त्यांना कळून चुकले की खुद्द प्रयोगशाळेतले शिसेच सर्वांत मोठा अडथळा आहे. त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि पुढे समुद्राच्या पाण्यातील शिशाचे अनेक जुने आकडे प्रत्यक्षात दूषणाचे आकडे असल्याचे दाखवून दिले. नद्यांच्या बाबतीत हा धक्का उशिरा बसला. १९९१ साली हर्बर्ट विंडम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांचे पाणी स्वच्छ पद्धतीने तपासले, तेव्हा तिथल्या पाणी तपासणाऱ्या राष्ट्रीय जाळ्याने वर्षानुवर्षे गोळा केलेले विरघळलेल्या लेश धातूंचे आकडे वास्तवापेक्षा बरेच फुगलेले निघाले. त्यानंतर १९९६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नमुना घेण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात ‘स्वच्छ हात’ आणि ‘मळके हात’ अशी कामाची विभागणी आहे : एकाने फक्त आतल्या पिशवीला आणि बाटलीला हात लावायचा, बाकी सगळ्याला दुसऱ्याने. पहिल्यांदा वाचताना हे सोवळेओवळे वाटून हसू आले होते.

ते हसू फार टिकले नाही. दुसऱ्या हंगामात आमच्या सर्व नमुन्यांत जस्त एकसारखे जास्त येऊ लागले, खोली कोणतीही असो. सुदैवाने आम्ही तळ्यावर नेऊन उपकरणातून फिरवून आणलेल्या शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही ठेवला होता. त्यातही तेवढेच जस्त होते. दोष सापडला तो नमुना घेण्याच्या नळकांड्याची झाकणे आतून ओढून धरणाऱ्या रबरी नळीत. रबर टणक करताना त्यात जस्ताचे ऑक्साइड घालतात, आणि ती नळी प्रत्येक नमुन्यात आपला वाटा टाकत होती. सिलिकोनची नळी बसवली आणि जस्त उतरले. कोरा नमुना नसता, तर या तळ्यात जस्त सर्व खोलींवर समान मिसळलेले आहे असे आणखी एक सुबक वाक्य मी लिहिले असते, याबद्दल मला शंका नाही.

समजा, काही निसटले नाही आणि काही शिरले नाही. हाती आलेला आकडा बिनचूक आहे. तरीही त्यावरून माशाला किंवा शैवलाला काय होईल हे सांगता येत नाही, आणि मला या विषयात खिळवून ठेवले ते इथे. पाण्यातले तांबे एकाच रूपात नसते. काही मोकळे आयन असतात, काही कार्बोनेटाशी किंवा हायड्रॉक्साइडाशी जोडलेले, आणि बहुतेक सगळे, पुष्कळ नैसर्गिक पाण्यांत ९९ टक्क्यांहून अधिक, कुजलेल्या वनस्पतींपासून आलेल्या ह्यूमिक आणि फुल्विक आम्लांनी धरून ठेवलेले. पालापाचोळ्यातून झिरपलेल्या पाण्याला चहासारखा रंग देणारी द्रव्ये ती हीच. कोणता धातू किती घट्ट धरला जाईल याचा ढोबळ क्रम आयर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी १९४८ साली मांडला : मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे असे बंध बळकट होत जातात आणि जस्तापाशी पुन्हा सैल पडतात. म्हणूनच एकाच पाण्यात तांबे जवळजवळ पूर्ण जखडलेले असते आणि जस्ताचा मोठा भाग मोकळा फिरत असतो.

१९७६ साली सुंडा आणि गिलार्ड यांनी सागरी शैवलांवर दाखवले की तांब्याची विषारकता एकूण तांब्याशी नव्हे, तर मोकळ्या तांब्याच्या आयनांच्या सक्रियतेशी, म्हणजे त्यांच्या प्रभावी प्रमाणाशी, जुळते. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी १९८३ साली पेगनकॉफ यांनी कल्ल्याचा पृष्ठभाग हाच एक बंधक, म्हणजे धातूला धरून ठेवणारा जोडीदार, मानला : कल्ल्यावर धातूला बसायला मोजक्या जागा आहेत, त्या जागांसाठी कॅल्शियम आणि हायड्रोजनचे आयन स्पर्धा करतात, आणि पाण्यातले सेंद्रिय द्रव्य धातूला दुसरीकडे ओढते. तांबे कल्ल्यावर बसले की मासा पाण्यातून सोडियम घेऊ शकत नाही. कॅडमियम कॅल्शियमची वाट अडवते. कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या, पाण्यात मासा अधिक तांबे सहन का करतो, याचे उत्तर यात आहे. याच कल्पनेचे विस्तारित प्रारूप २००१ मध्ये मांडले गेले आणि २००७ मध्ये अमेरिकेत तांब्याची गोड्या पाण्यातली मर्यादा त्यावर आधारण्यात आली. हे प्रारूप चालवायला तापमान, सामू, विरघळलेला सेंद्रिय कार्बन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, सल्फेट, क्लोराइड आणि अल्कता एवढे सगळे लागते. तक्रार करणारे म्हणतात की एका धातूसाठी दहा मोजण्या कोण करणार? माझे मत उलट आहे : या दहा मोजण्यांपैकी बहुतेक स्वस्त आणि सोप्या आहेत, आणि त्यांच्यावाचून काढलेला तांब्याचा महागडा आकडा निम्मा वाया जातो. डॅफ्निया या पाणपिसवांसाठी तांब्याची घातक मात्रा केवळ सेंद्रिय कार्बनच्या फरकाने दहापटींहून अधिक बदलू शकते.

प्रारूप रासायनिक समतोल गृहीत धरते, हे मात्र विसरता येत नाही. तांब्याचा आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू ज्या वेगाने बदलतो, त्यापेक्षा निकेल सुमारे एक लाख पटींनी संथ आहे. निकेलला एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे जायला तास किंवा दिवस लागत असतील, तर वाहत्या ओढ्यात समतोल गाठला जाण्याआधीच पाणी पुढे गेलेले असते.

यामुळे मोजणीच पाण्यात जाऊन करावी, ही कल्पना मला पटते. १९९४ साली डेव्हिसन आणि झांग यांनी सुचवलेल्या साधनात धातू ओढून घेणाऱ्या रेझिनवर साधारण मिलिमीटरभर जाडीचा जेलचा थर असतो. ते पाण्यात बुडवून ठेवायचे. मोकळे आणि सैल बांधलेले धातू जेलमधून पाझरत रेझिनपर्यंत पोहोचतात, आणि त्या प्रवासाचा वेग ठाऊक असल्यामुळे जमलेल्या धातूवरून त्या काळातले सरासरी प्रमाण काढता येते. बाटली नाही, गाळणी नाही, जेवणाची सुट्टी नाही. अर्थात जेलमधून जायला जो वेळ लागतो तेवढ्यात ज्याची पकड सुटते तेच ‘सैल’ ठरते, म्हणजे ही व्याख्यासुद्धा साधनानेच ठरवलेली आहे.

सरासरी महत्त्वाची का, ते रात्री ओढ्याकाठी बसल्यावर कळते. डेव्हिड निमिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील, खाणींचा परिणाम झालेल्या ओढ्यांत दाखवले की विरघळलेले जस्त पहाटेपूर्वी दुपारपेक्षा कित्येक पटींनी अधिक असू शकते. दिवसा शैवलांचे प्रकाशसंश्लेषण कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेते, सामू वर चढतो, पाणी तापते, आणि जस्त दगडांवरच्या शेवाळी थराला चिकटते. रात्री ते पुन्हा सुटते. आर्सेनिकचे चक्र उलटे फिरते, कारण ते ऋणभारित रूपात असते आणि वाढत्या सामूबरोबर पृष्ठावरून सुटते. आमचे सगळे ओढ्यांचे नमुने सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतले होते, कारण गाडी त्या वेळेत मिळत असे. म्हणजे जस्ताचा सगळा अभ्यास मी त्याच्या झोपेच्या वेळी केला होता.

पाऱ्याबद्दल लिहू लागले तर हे संपणार नाही, म्हणून एवढेच. जेन्सन आणि येर्नेलोव्ह यांनी १९६९ साली गाळातले सूक्ष्मजीव अकार्बनी पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात हे दाखवले, आणि अन्नसाखळीत चढत जाणारे रूप तेच आहे. या कामाला आवश्यक असलेली जनुकांची जोडी २०१३ मध्ये सापडली. कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरांच्या क्षेत्रात २००१ ते २००७ या काळात एका सरोवरात आणि त्याच्या पाणलोटात पाऱ्याचे वेगवेगळे समस्थानिक सोडले गेले, जेणेकरून माशातला पारा थेट सरोवरात पडलेला आहे, पाणलोटातून आलेला आहे की आधीपासूनचा आहे, हे वेगळे ओळखता यावे. सोडणे थांबवल्यावर आठ वर्षांत मोठ्या माशांमधला मिथिल पारा ३८ ते ७६ टक्क्यांनी घटला. एखाद्या धातूचे ‘रूप’ म्हणताना तो कोणत्या वाटेने आला हेही धरावे, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

त्या पहिल्या तळ्यावर आम्ही पुन्हा गेलो, त्याच ऋतूत. या वेळी पाणी नळीने थेट होडीवर खेचले, नळीलाच गाळणी जोडली, बाटल्यांत आधी नायट्रोजन भरून घेतला, आणि पाण्याला हवा दिसण्याआधी ते गाळून आम्लात पोहोचले. गाळणी पांढरीच राहिली. शेजारी एक बाटली मी मुद्दाम जुन्या पद्धतीने भरली, काठावर नेली, तीन तास ठेवली आणि मग गाळली. दोन्हींचे आकडे एकमेकांखाली मांडल्यावर लोहात जमीन-अस्मानाचा फरक होता, शिशात मोठा, तांब्यात मध्यम, जस्तात किरकोळ. मँगनीजमध्ये फरक नव्हता. पहिल्या हंगामाच्या तक्त्यातून तळालगतचे लोह, शिसे आणि तांबे मी खोडून टाकले, त्या सुबक वाक्यासकट. मँगनीजचा रकाना तेवढा ठेवला.